वटारची आटलेली विहीर

वटारला जायचं ठरलं ते एका प्रश्नामुळे. मी तेव्हा नालासोपाऱ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. मागणी-पुरवठ्याचा आलेख काढून टँकरच्या पाण्याचं उदाहरण दिलं: घेणारा खूश, विकणारा खूश. तास संपल्यावर वटार गावाहून येणारी तेजल नावाची विद्यार्थिनी पुढे आली.

"मॅडम, आमच्या काकांनी पाणी विकलं आणि आमची विहीर आटली. आम्ही काही घेतलं नाही, विकलं नाही. मग आम्ही या आलेखात कुठे?"

मी 'बाह्य परिणाम' हा पुस्तकातला शब्द सांगितला: सौदा दोघांचा, झळ तिसऱ्याला. तिने तो वहीत उतरवून घेतला. मला मात्र आठवडाभर चैन पडेना.

रविवारी नालासोपारा पश्चिमेहून एसटी पकडली. जाणार असाल तर सकाळीच निघा, दुपारी गाड्या कमी. निर्मळ गाव मागे पडलं की इमारती संपून केळीच्या बागा लागतात. रस्ता इतका अरुंद, की समोरून टँकर आला की एसटीलाच कडेला थांबावं लागतं. आम्ही तीनदा थांबलो.

तेजलच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. विहिरीच्या तळाशी चिखल दिसत होता, बागेतली केळीची पानं कडेने करपली होती. बांधापलीकडे काकांची मोटर धडधडत होती.

"हे पानी दोन गल्ल्या पलीकडून आणलंय," पेला माझ्या हातात देत तिची आई म्हणाली. "तुमच्याकडे कुठलं येतं, बाई?"

"टँकरचं," मी म्हणाले. तिने विषय बदलला. पेला संपवणं मला जड गेलं.

परतताना बांधावर काका भेटले. तेजलची शिक्षिका म्हटल्यावर स्वतःहूनच बोलू लागले.

"बागेने घर चालत नाही आता. मी नाही विकलं तर दुसरा विकेल, जमिनीखाली पानी एकच. भाव बरा मिळतो." मग भावाच्या घराकडे बघत म्हणाले, "माझ्या पोरीच्या साखरपुड्याला समोरून कोनी आलं नाही. वाडीतल्या बायकाही आल्या नाहीत."

एसटीत बसून मी वहीत याची नोंद करायला गेले. हा तोटा कोणत्या अक्षावर मांडायचा, ते सुचेना. भाव वाढला, उतरला, तरी ही माणसं एकमेकांची कोण लागतात हे माझ्या आलेखाला ठाऊकच नव्हतं.

महिनाभराने तेजलने वर्गात सांगितलं, मुलीच्या लग्नाआधी काकांनी मोटर बंद केली. भावाने समजावलं नव्हतं, पाण्याचा भावही पडला नव्हता. वाडी मांडवात यायला हवी होती, एवढंच. त्या दिवशी मी फळ्यावर आलेख काढला नाही. वर्गाला विचारलं, तुमच्या घरी पाणी कुठून येतं? तास संपला तरी उत्तरं संपली नाहीत.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीचा टँकर बंद झाला; तो वटारहूनच येत होता. तीन मजले बादल्या चढवून सगळे वैतागले. सेक्रेटरी नव्या टँकरच्या कागदावर सह्या घेत दारी आले. पाणी कुठलं, असं मी विचारलं.

"भुईगावचं, कुणाच्या तरी विहिरीचं. पैसे देतोय ना आपण, मॅडम?"

मी सही केली नाही. मंगळवारी टँकर आला, तेव्हा बादल्या मात्र मीही भरल्या.