भिंतीला टेकवलेल्या काठ्या

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात व्यायामाच्या खोलीवर मी मदतनीस आहे. सतरंज्या झटकायच्या, शेकाच्या पिशव्या गरम करायच्या आणि लोकांवर ओरडायचं. हे तिसरं काम मला कोणी दिलेलं नाही, ते माझं मीच घेतलं. खोलीत फिजिओथेरपीच्या मॅडम एकट्याच. लोक त्यांना मालिशवाल्या मॅडम म्हणतात. मालिश नाही हो, व्यायाम, असं त्या रोज सांगतात. ऐकतं कोण!

धानाची रोवणी उरकली की आमच्याकडे कंबरा यायला लागतात. महिनाभर चिखलात वाकलेल्या बाया, त्यांच्यामागून गुडघेवाले, मग खांदेवाले. त्या वर्षी तर इतके आले की मॅडमचा डबा भरलेलाच घरी परत जायचा. एकदा त्या म्हणाल्या, "बाई, मलाच आता कोणीतरी व्यायाम द्या." हसून म्हणाल्या, पण मला काही ते हसणं आवडलं नाही.

आमच्या भागात रांगेत माणूस उभं राहत नाही, वस्तू उभी राहते. रेशनच्या दुकानात थैली, नळावर पाण्याचा गुंड आणि आमच्या दाराशी काठी. सकाळी यायचं, काठी भिंतीला टेकवायची आणि समोरच्या हॉटेलात आलुबोंडा खात बसायचं. नंबर काठीचा, मजा मालकाची.

त्या गर्दीत लकवा मारलेली एक बाई यायची. जंगलातलं लांबचं गाव, येणं काळीपिवळीनं. तीच गाडी बाराला परत निघायची. नंबर नाही आला तर ती तशीच माघारी. दोनदा तसंच झालं. मॅडम मला म्हणाल्या, लकव्यानंतरचे पहिले महिने वाया गेले की पाय मग लवकर ऐकत नाही. त्या बाईचं मागणं तरी केवढं? "मले फक्त आपल्या पायानं अंगणाच्या पलीकडे जाता आलं पाहिजे. सकाळ झाली का सुनेले आवाज द्या लागते, मले लाज वाटते."

तिसऱ्या खेपेला बारा वाजत आले, गाडीवाला हॉर्न वाजवून राह्यला, आणि माझं डोकं फिरलं. बाहेर आले तर भिंतीला चौदा काठ्या आणि शेवटी ती एकटी, मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली काठी घट्ट धरून उभी. मी रस्त्यापलीकडे आवाज टाकला, "ए काठीवाले हो! या इकडे! का तुमच्या काठ्यांलेच व्यायाम देऊ?"

आले की सगळे! बिनकाठीचे, झपाझप. एक भाऊ तर हातातला कप न सांडता नाली ओलांडून आले. मी बघतच राहिले. खिडकीत मॅडमही बघत होत्या. आमची नजरानजर झाली आणि दोघी पोट धरून हसलो. त्या लकवावालीला मी सरळ आत नेलं. गाडीवाल्याला म्हटलं, थांब मुकाट्यानं. थांबला बिचारा.

त्या दिवसापासून आमचा एक नियम ठरला. मॅडम प्रत्येकाला आधी नीट तपासायच्या, ते काही सुटलं नाही. पण मग ज्याची काठी भिंतीला, तो व्हरांड्यात माझ्याकडे, सगळे मिळून. ज्याची काठी हातात, तो आत मॅडमकडे, निवांत. कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्खा तालुका लंगडत आला असता.

व्हरांड्यात मॅडमनी शिकवलेलं मी करून घ्यायचे. गुडघा सरळ, दहापर्यंत धरा. तो नालीवाला भाऊ मोजायचा, "सात, आठ, दहा!" मी म्हणायचे, "नऊ कुठी गेला भाऊ? आलुबोंड्यासंग खाल्ला का?" बाया खो-खो हसायच्या. मॅडमचा डबा रिकामा जायला लागला.

धान कापणीला आलं तेव्हाची गोष्ट. सकाळी भिंतीला एक काठी दिसली, मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली. ओळखीची. मी व्हरांड्यात एक सतरंजी जास्तीची टाकली.

ती लकवावाली आली आणि सतरंजी बघून तिचे डोळे भरले. "मले काऊन भायेर बसवता? माहं काई चुकलं का?"

एवढी तोंडाची फटकळ मी, पण मॅडमलाच हाक मारली. मॅडम दारात आल्या. "चहा कसा होता?"

"लय गोड होता."

"कोणी आणून दिला?"

"कोण आणून देते! मीच गेली ना हॉटेलात..." आणि ती थांबली. रस्त्याकडे बघितलं, भिंतीच्या काठीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "अवं माय," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली.

मग डोळे पुसून सतरंजीवर बसली. मी मोजायला लागले, एक, दोन, आणि तीनवर माझाच आवाज गेला.

"मोजा ना बाई, काऊन थांबल्या?" ती म्हणाली.

पुढचं बाकीच्यांनी मोजलं. नालीवाल्या भाऊनं नऊसुद्धा म्हटला.