बर्फाविना आणलेलं रक्त

डॉक्टरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी हातातच राहिली... महिन्याभरानं शोकसभा झाली. प्रयोगशाळेचे जुने साहेब म्हणाले, "वसुधाबाईंनी छोटेमोठे प्रयोग केले." छोटेमोठे? सातवीत शाळा सुटलेलीनं पेपरात लिहावं का, याची अजून धाकधूक आहे. पण गप्प बसवत नाही.

लग्न होऊन नांदेडकडून शेजारच्या राज्याच्या राजधानीत, अंबरपेठेत आले, तेव्हा शहरात रोज नवी परदेशी वस्तू दिसू लागली होती. तारनाक्याजवळच्या जनावरांच्या प्रयोगशाळेत मी काचेच्या नळ्या धुवायला लागले. बाई गाईंचा क्षय रक्तावरून ओळखायची चाचणी सुधारत होत्या. एरवी गाईच्या मानेत सुई टोचायची आणि गाठ आली का बघायला तीन दिवसांनी पुन्हा जायचं. तोवर गवळी गाय विकून मोकळा!

साहेबांनी बजावलं होतं, या खेपेला जमलं नाही तर काम बंद. त्या दिवशी गोठ्यातून रक्ताच्या नळ्या मी आणल्या. ऊन रणरणतं. दुधासारखं रक्तही नासेल, या भीतीनं मी सरबतवाल्याकडून बर्फ घेतला आणि नळ्या त्यात खोचल्या. दुसऱ्या दिवशी, मानेवर लिंबाएवढी गाठ आलेल्या गाईचंही रक्त निरोगी निघालं! साहेब हसले, "तुमची चाचणी गाईहून गरीब आहे हो. परदेशी किट मागवू."

मी रडत बाईंना बर्फाचं सांगितलं, घरी जायला पिशवी उचलली.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "रक्तातल्या पेशी जिवंत असल्या तरच रोगाला ओळखतात. त्या गारठून मेल्या. मी तुला सांगितलंच नव्हतं, चूक माझी." मग थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. "नळ्या पुन्हा येतील. आणि कमलच आणेल."

पुन्हा गोठ्यात दोघींना बघून गवळी यादगिरी म्हणाला, "फिरसे आये क्या अम्मा? गाय में खून रखते की नै?"

"तुम्हारे दूध में जित्ता दूध रहता, उत्ता तो छोडेंगे!" बाईंनी त्याच्या पाणचट दुधावरून टोला हाणला.

नळ्यांसाठी बाईंनी एक डबा दिला. तो बर्फाविना, पदराखाली धरून मी बसनं आले. या खेपेला त्या गाईचा रोग रक्तात स्पष्ट दिसला. काम बंद झालं नाही.

सभेत उठून बोलायचं होतं, धीर झाला नाही... म्हणून इथे लिहिते. चाचणी चालली होती, साहेब.

निवृत्त होताना बाईंनी तो डबा मलाच दिला. परवा सून त्यात कोथिंबीर भरून फ्रिजमध्ये ठेवायला निघाली. मी हिसकावूनच घेतला. हा डबा गारठ्यात जाणार नाही.