शेंगदाण्यांवरचा पहारा

११ फेब्रुवारी २०२४ या दिवशी रविवार होता. कोणतेही जुने कॅलेंडर त्याची साक्ष देईल. त्या सकाळी एका दोन खोल्यांच्या घरात जे घडले, त्याला मात्र सासू आणि सून यांच्या सांगण्याखेरीज आधार नाही, आणि त्या दोघींचे सांगणे सगळीकडे जुळत नाही.

सासूला सगळे काजवाल्या बाई म्हणत. शिंप्याच्या दुकानात सदऱ्यांना काजे करण्यात त्यांची उमर गेली. दुकान बंद पडले तेव्हा शेजारच्या भाडेकरणीकडून शिकलेली दक्षिणेकडची शेंगदाण्याची चटणी त्यांच्या कामी आली. मंद आचेवर भाजलेले दाणे, तेलात परतलेल्या लाल मिरच्या नि लसूण, थोडी चिंच. वाटून झाले की वरून मोहरी, उडदाची डाळ आणि कढीपत्त्याची फोडणी. कोपऱ्यावरचा कॅन्टीनवाला इडलीबरोबर दुसरी चटणी ठेवतच नसे. दुकान सुटल्यापासून घरात बाईंचा शब्द चालत होता, तो या चटणीच्या जोरावर.

दाणे भाजताना बाई कढईत पाहत नसत. एक हात ढवळायला, नजर लसणाच्या पाकळ्यांवर. खरपूस वास आला की गॅस बंद.

अलीकडे चटणी कडवट होऊ लागली होती.

"बाई, गिऱ्हाईक वाटी तशीच ठेवून उठतं," कॅन्टीनवाला म्हणाला. "सोमवारची चटणी बघतो. कडू निघाली तर राग मानू नका, मी दुसरीकडून घेईन."

बाईंनी चाखून पाहिले. कडू होतीच. मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. वाटण सून करते. मिक्सरचे भांडे सून धुते. शिवाय "आई, दाणे मी भाजू का?" असे तिने दोनदा विचारले होते. हिला माझी कढई हवी आहे, असा बाईंनी निष्कर्ष काढला.

म्हणून रविवारी त्यांनी दाणे कढईत टाकले, आच मंद केली आणि गॅसकडे पाठ करून स्टुलावर बसल्या. डोळ्यांत तेल घालून सुनेवर पहारा सुरू झाला.

"चिंच दाखव. चिंचोका राहिला असेल."

"राहिला तर तुमच्यासमोर गिळते, मग तर झालं?"

"भांडं पुन्हा धू. साबण राहतो."

"तीनदा धुतलं, आई. आता भांड्याला भोक पडायचं बाकी आहे."

"पडू दे. कडवटपणा तरी गळून जाईल!"

एवढ्यात वरच्या मजल्यावरून आरोळी आली, "अहो, काय जाळताय खाली?"

सून धावली, गॅस बंद केला. कढईत दाण्यांचा कोळसा झाला होता, खोलीत धूर. बाई हातभर अंतरावर बसल्या होत्या.

"मला कसा वास आला नाही?" त्या पुटपुटल्या.

सुनेने कढीपत्त्याची पाने चुरगाळली. "डोळे मिटा. हे काय आहे?"

बाईंनी पुन्हा पुन्हा श्वास ओढला. मग म्हणाल्या, "सर्दी असेल."

सर्दी नव्हती. दोघींनाही ते ठाऊक होते.

दुसरा घाणा चढला. बाई ढवळत होत्या, सून शेजारी उभी.

"झाले?"

"अजून नाहीत."

"मुद्दाम उशिरा सांगशील!"

"मग चोळून बघा ना तुम्हीच."

बाईंनी चिमटीत दाणा धरून चोळला. साल सुटली नाही. थोड्या वेळाने दुसरा घेतला. साल सर्रकन निघाली, आत बदामी रंग. "आता झाले," सून आणि बाई एकदमच म्हणाल्या.

सोमवारी कॅन्टीनवाल्याने बोट बुडवून चाखले आणि म्हणाला, "उद्याही आणा." बाईंनी घरी येऊन सुनेला बजावले, "नाकाचं बाहेर बोलायचं नाही." तेव्हापासून कढईशी दोघी उभ्या राहतात.

काही गोष्टी अजून अनिश्चित आहेत. बाईंना वास येणे नेमके कधी बंद झाले, हे कळलेले नाही. तो अजूनही येत नाही. त्या रविवारी सुनेने धुरासाठी खिडकी उघडली, ती वरून आरोळी आल्यानंतर, असे ती सांगते. बाई म्हणतात, आधीच; म्हणजे दाणे करपताहेत हे तिला कळले होते. आणि "मी भाजू का" असे विचारताना तिला सारे माहीत होते का, हे तिने सांगितलेले नाही. बाईंनीही विचारलेले नाही.