हार्ड डिस्कवर घातलेलं नाव

आमच्या घरात दोन जुन्या वस्तू आहेत, मास्तर आणि मास्तरांचा कॉम्प्युटर. दोघांनाही सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो आणि दोघंही अधूनमधून घरघरतात. मास्तर म्हणजे माझा नवरा. जन्मभर खेड्यांतल्या शाळांमध्ये शिकवलं, सगळं गाव मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. मी स्वतः चौथी पास. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि माझ्या बापाला पोरगी तेवढ्या लांब पाठवायची नव्हती. विषय तिथंच संपला.

कॉम्प्युटर जावयाचा. त्याने अमरावतीला नवा घेतला आणि हा जुना अकोल्याला आमच्याकडे पाठवून दिला. मास्तरांचा उजवा हात थरथरतो, धड लिहिता येत नाही, पण एका बोटाने टाइप करता येतं. त्या एका बोटाने ते चार वर्षांपासून आमच्या गावच्या वावरांची नावं टाइप करत होते.

गाव बार्शीटाकळीच्या पलीकडे आहे. सातबाऱ्यावर वावराला नुसता नंबर असतो, पण बोलताना कोणी नंबर सांगत नाही. आंब्याचं वावर म्हणतात, आणि तिथला आंबा कोणी पाहिलेला नसतो. चिलमीचा पट्टा म्हणतात, सासूचा तुकडा म्हणतात. असं नाव का पडलं हे जुन्या माणसांना ठाऊक, आणि जुनी माणसं एकेक करून चालली. मास्तर दर रविवारी एस.टी.ने गावाला जायचे, पारावर बसून म्हाताऱ्यांना विचारायचे, वहीत वाकडंतिकडं टिपायचे आणि घरी येऊन टाइप करायचे. टाइप झालं की वहीचं पान फाडून टाकायचे. दोन ठिकाणी लिहिलेलं असलं की चुका होतात, हे त्यांचं मास्तरी शास्त्र. एकदा पेन ड्राइव्हमधून काही रोग आला होता म्हणे, तेव्हापासून पेन ड्राइव्हही बंद. म्हणजे चार वर्षांची सगळी वावरं त्या एका डब्यात. आणि ज्यांनी सांगितली त्यांतले निम्मे आता सांगायला उरलेले नाहीत.

मग डबा मधेच आपोआप बंद पडायला लागला.

पहिल्यांदा आम्ही कॉम्प्युटरच्या एका चकचकीत काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने डबा उघडलासुद्धा नाही. दुरूनच म्हणाला, याचं वय झालं, नवा घ्या. न उघडता कसं समजलं, असं मी विचारलं, तर म्हणे वयावरूनच समजतं.

"मंग मास्तरलेही बदलून टाकू का?" मी म्हटलं. त्याला हसू आलं नाही. मास्तरांनाही आलं नाही.

दुसरा घरी येऊन दुरुस्ती करणारा होता. आल्या आल्या पाया पडला आणि आई, बाबा म्हणायला लागला. पहिल्याच भेटीत आई म्हणणारा माणूस घरातून गेला की मी डबे मोजते. त्या दिवशी मोजले, सगळे होते. पण कॉम्प्युटर तोच घेऊन गेला होता, तो काही मोजता आला नाही. तीन दिवसांनी परत आणला तेव्हा बाहेरून असा चकचकीत पुसलेला की मास्तर खूश झाले. आठवड्याभराने पुन्हा बंद पडायला लागला.

पुढे जावई आला, त्याने पाहिलं आणि म्हणाला, याची रॅम निम्मी झाली. मला समजावं म्हणून त्याने सांगितलं की रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा मोठा असला तर चार भांडी एकदम मांडता येतात. तुमचा ओटा कोणीतरी अर्धा कापून नेला. हे मला नीट समजलं. त्या आई-बाबा म्हणणाऱ्या गोडबोल्याला फोन लावला तर फोन उचलेना.

जावई म्हणाला, अमरावतीत एक माणूस आहे, त्याच्याकडे घेऊन या. माणूस कसा आहे, मी विचारलं. हाताचा चांगला आहे, म्हणाला, पण बोलायला कडू. मला लक्षण बरं वाटलं. तरी एकदा फसलेली बाई दुसऱ्यांदा तशीच जात नाही. यातली खरी जीव असलेली वस्तू कोणती, असं मी विचारून घेतलं. तो म्हणाला, हार्ड डिस्क, चपटी असते, हाताच्या पंज्याएवढी. बाकी सगळं बाजारात मिळतं. ती गेली की मास्तरांची वावरं गेली.

आता आमच्याकडची रीत अशी की बिननावाचं भांडं घराबाहेर गेलं की परत येत नाही. लग्नाच्या स्वयंपाकात एकासारखी एक चाळीस पातेली असतात, आपलं कोणतं ते नावावरून ओळखायचं. माझ्या घरात डब्याच्या झाकणावरही नाव आहे. नाव घातलेलं असलं की शेजारीण वाद घालत नाही आणि नणंदही घालत नाही. मी विचार केला, भांड्याला जे चालतं ते याला का नाही चालणार.

दुपारी मास्तर झोपले होते. गोडबोल्याने नेण्याआधी घरीच डबा उघडला होता, तेव्हा मी नीट पाहून ठेवलं होतं. बटण बंद केलं, पेच काढले, एका वायरला लाल दोरा बांधला, दुसरीला पिवळा, आणि चपटी वस्तू रुमालात गुंडाळून भांड्यांच्या दुकानात गेले. तिथं नाव घालणारा माणूस मला वर्षानुवर्षं ओळखतो. हे कोणतं भांडं, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, मास्तरांचं आहे. त्याने ती मांडीवर घेतली आणि सुईचं मशीन फिरवलं, गर्रर्र. घरी येऊन पाहते तर माझं नाव, आडनाव, गाव आणि खाली सवयीने 'सप्रेम भेट'. मी म्हटलं असू दे, जास्त अक्षरं म्हणजे पुसायला जास्त कठीण.

दोऱ्यांच्या खुणेने वायरी लावल्या. पेच घट्ट बसवले. एक पेच उरला, तो मोहरीच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी मास्तर बसले. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि तिथंच थांबल्या. त्यांनी पुन्हा सुरू केला, पुन्हा त्याच दोन ओळी. मग ते तसेच बसून राहिले. मी चहा दिला. या माणसाने इतक्या वर्षांत माझ्या चहातली एक चूक सोडलेली नाही, त्या दिवशी चहावर साय धरली तरी कप तसाच.

"पानं फाडायले नव्हती पाह्यजे," एवढंच म्हणाले.

मी गोडबोल्याला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. त्यानेच जाता जाता काही करून ठेवलं, म्हटलं. भांड्यांच्या दुकानाबद्दल मी बोलले नाही. तेव्हा ते मनातच आलं नाही असं आता सांगू शकते, पण ते खोटं होईल. थोडं आलं होतं. ते मी मोहरीच्या डब्यात टाकलं, पेचासोबत.

दुसऱ्या दिवशी चादरीत बांधलेला डबा मांडीवर घेऊन आम्ही अमरावतीच्या बसमध्ये बसलो. कंडक्टर म्हणाला, आजी, लहान लेकरू आहे का, अर्धं तिकीट लागेल. मी म्हटलं, लेकरू नाही, आजारी सवत आहे.

त्या कारागिराचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पन्नाशीचा माणूस, जाड भिंगाचा चष्मा, खाली चटईवर बसून काम करत होता. या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही. बायको रिद्धपूरला दर्शनाला गेली होती म्हणून चहा त्यानेच केला, आणि चहाही त्याच्या बोलण्यासारखाच होता. सगळ्यात आधी त्याने विचारलं, याला कोणी कोणी हात लावला. मास्तरांनी काचेच्या दुकानापासून गोडबोल्यापर्यंत सगळं सांगितलं.

"आणखी कोणी?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहायला लागले.

त्याने आमच्यासमोरच डबा उघडला. वायरीचे लाल-पिवळे दोरे बोटाने उचलून पाहिले. एक पेच कमी आहे म्हणाला, मी पुन्हा कॅलेंडर पाहिलं. मग डिस्क बाहेर काढली आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं. माझं नाव, आडनाव, गाव, सप्रेम भेट.

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि डिस्ककडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.

"हे पहिलेपासूनच हाये," मी म्हटलं, आणि त्या माणसाला डोळ्याने खूण केली. बाईची एवढी खूण कोणताही दुकानदार समजतो. त्याने ती घेतलीच नाही. डिस्क उलटी केली, भिंग लावलं आणि आम्हाला दाखवलं. खालच्या हिरव्या पट्टीवर चांदीच्या वर्खासारखा बारीक कीस चिकटला होता.

"आजी, हा कीस नाव घालतानाचा हाये. याच्यानंच हे बंद पडलं," तो म्हणाला. "रॅम त्या पोरानं नेली असन. पन हे त्याचं नाही, तुमचं हाये."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला राग आला. पण रागातच त्या माणसावर विश्वासही बसला. गोडबोल्याला मी आधीच चोर ठरवून खांबाला बांधून ठेवलं होतं. याने आणखी एक दोरी आवळली असती तर मी खूश, मास्तर खूश आणि हाही मोकळा. ते सोडून याने माझी चूक माझ्याच नवऱ्यासमोर मला सांगितली. असा माणूस दुसऱ्याची रॅम नेत नाही.

मास्तर त्याच्याकडे वळले. त्याला फक्त विचारलं, "वावरं?"

"आत्ता सांगत नाही. पाहू."

लेकीकडे जाऊन जेवून या, म्हणाला. मी म्हटलं, आम्ही चक्कीवरही आपलं दळण होईपर्यंत समोर बसतो, इथंही बसू. बसा, पण बोलू नका, म्हणाला. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा एवढा वेळ गप्प बसले. त्याने ब्रशने कीस झाडला, काहीतरी लावून पट्टी पुसली, जळालेला एक दाणा चिमट्याने उचलून बाजूला ठेवला. डिस्क स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. ती गुणगुणायला लागली तेव्हा मास्तरांनी माझा हात धरला नाही की काही नाही, फक्त उठून उभे राहिले.

त्याने आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं, तेही दोन ठिकाणी. एक तुमच्याकडे ठेवा, एक लेकीकडे, म्हणाला. जुन्या डिस्कवर आता भरवसा नाही, नवी घालतो, जुनी परत न्या. मग पडदा मास्तरांकडे वळवला. उतरलं आहे, पण बरोबर उतरलं का ते मला कळणार नाही, वाचून घ्या.

मास्तर हजेरी घ्यावी तसे वाचायला लागले. आंब्याचं वावर, चिलमीचा पट्टा, सासूचा तुकडा. प्रत्येक नावाखाली ते का पडलं ते, आणि सांगणारा कोण ते. वाचता वाचता 'रडकं वावर' आलं. त्याखाली लिहिलं होतं, कारण माहीत नाही, पुष्कळ विचारलं, कोणाला सांगता आलं नाही.

मी म्हटलं, न सांगता यायला काय झालं. तिथं ना विहीर ना झाड. निंदायला जायचं म्हटलं की बाया घरूनच रडत निघायच्या, नवी सून सगळ्यात जास्त. मी दोन वर्षं निंदलं तिथं. नाव बायांनी पाडलं आहे, पारावरच्या म्हाताऱ्यांना काय ठाऊक असणार.

कारागिराने डोकं वर केलं. "मास्तर, चार वर्षं आजी घरातच होत्या ना?"

मास्तर खाकरले. मग तिथंच चटईवर मांडी घालून एका बोटाने टाइप करायला बसले. मी सांगितलं तसं सगळं घातलं. शेवटी 'सांगणारी' असं टाइप करून पुढे माझं नाव, आडनाव, गाव, भांड्यावर असतं तसंच सगळं घातलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"खाली सप्रेम भेट लिहू का?"

"नोका लिहू," मी म्हटलं. "पुन्हा बंद पडन."