धवलारणीची संथ नाडी

अंबाबाई माझी आत्या. चौक गावाच्या आसपास आगरी घरचं लग्न तिच्या धवल्यांशिवाय, म्हणजे लग्नगीतांशिवाय, लागत नसे. धवलारीण म्हणून हळदीपासून वरातीपर्यंत ती पुढे गायची, आणि जोडीदारीण सुंदरा मागून तीच ओळ उचलायची.

१९३१च्या लग्नसराईत ती दोनदा गाता गाता कोसळली. चेहरा पांढराफटक पडायचा, मग लाल होऊन ती उठून बसायची. लोक म्हणाले, देवीचं वारं येतं. आत्याने ते खोडून काढलं नाही. अंगात देवी येणारी धवलारीण सगळ्यांना हवी असते. दुखणेकरीण मांडवात कुणी उभी करत नाही.

मी खोपोलीच्या वीजघरात फिटर होतो. तिला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचं मनगट धरून मला मानेकडे बघायला सांगितलं. मानेतली शीर भराभर उडत होती, मनगटातली नाडी मात्र तिच्या निम्म्यानेही चालत नव्हती. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा इशारा खालच्या कप्प्यात पोचत नाही, असं ते म्हणाले. खात्रीचा इलाज नव्हता. पडली की लगेच सपाट झोपवा, एवढंच त्यांनी बजावलं.

परतताना बैलगाडीत मी तिला तारा आणि खटके समजावू लागलो. तिला काही कळेना. मग म्हटलं, "समज, तू ओळ म्हणतेस, पण सुंदराला ऐकूच येत नाही. ती काय करेल?"

"गप थोडीच बसंल? आपल्या मनानं गाईल. पन सावकाश."

"तुझं काळीज तसं चाललंय."

तिने विचारलं, "आन तिनं सुरू करायलाच उशीर केला, तर?"

"तेव्हाच तू पडतेस."

"कुनाला सांगू नको रं," ती म्हणाली.

पुढे गावातल्या कोंडाजीच्या मुलीची हळद होती. भर दुपारी, नवरीला हळद लागत असताना, आत्याचा आवाज तुटला. ती कलंडायच्या आत देवीला कौल विचारणाऱ्या भिवाजी भगताने तिला धरून पाटावर ताठ बसवलं. वारं आलेल्याला आमच्याकडे आडवं होऊ देत नाहीत. देवी जमिनीला टेकली तर घराला बाधतं. दोघांनी तिचे खांदे धरले. भिवाजीने कपाळाला कुंकू फासलं आणि विचारलं, "बोल आई, पोर सुखात नांदंल ना?"

आत्याची मान छातीवर लोंबत होती. मी मनगट धरलं. नाडी नव्हती.

झोपवा तिला, मी म्हणालो. कुणी खांदे सोडले नाहीत. उलट एकाने मला मागे ढकललं. तिचे ओठ निळे पडत होते. मी वाकून तिच्याखालचा पाटच ओढून काढला. आत्या, भिवाजी आणि हळदीचं ताट, सगळं जमिनीवर आलं.

बोटाखाली काहीच लागेना. मग एक ठोका. पुन्हा काही नाही. मग दुसरा.

तिच्या तोंडावर रंग चढला. भिवाजी हात उगारून माझ्यावर आला. आत्या गप्प राहिली असती, तर पुढच्या खेपेला त्यांनी तिला पुन्हा ताठ बसवलं असतं.

"मारू नको रं त्याला," ती पडल्या पडल्या म्हणाली. "वारं नाय ते. काळजाचं दुखनं हाय. मी लपवलं."

कोंडाजीने सांडलेली हळद वाटीत भरली आणि पुढचं तिने गावं म्हणून वाटी सुंदरापुढे ठेवली.

आम्ही आत्याला ओटीवर सपाट झोपवलं. मांडवात सुंदरा एकटीच गाऊ लागली, आणि एका जागी तिने घाईने पुढचंच कडवं धरलं. आत्या उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून धरला.

"सुंदरा," तिने तिथूनच हाक मारली, "ते नंतर गं. आदी मांडवाचं."

मांडवात कुणीतरी हसलं. सुंदराने कडवं बदललं.