शाईची रेघ

चाकूरच्या सरकारी दवाखान्यात पट्ट्या बांधणारा एक माणूस व्हता. सुजलेल्या जागी तो आधी उलटा हात ठेवायचा, तव्याची धग बघावी तसा. बोलता बोलता सारखं "समजलं का?" इचारायचा. मला काय समजतंय, मी शाळेची पायरी चढलो न्हाई.

लातूर नवा जिल्हा झाला तवाचा दुष्काळ. दुष्काळी कामावर खडी फोडताना मी दगड सोडून घण माझ्याच पायावर घातला. पाय भोपळ्यावानी सुजला.

"ही सूज तेवढी घालवा की," मी म्हणलो.

"येड्या, सूज वैरी न्हाई. जखम झाली की अंग आतून निरोप धाडतं, या, लढा. मग दुसरा निरोप जातो, बस करा, आता जखम भरा. तो दुसरा निरोप अडला की अंग सोताचंच मांस नासवतंय. समजलं का?"

त्यानं लालीच्या कडेनं शाईची रेघ मारली. "लाली हिच्या बाहीर गेली की लातूरला धाडणार."

लातूरला गेलो की काम बुडणार. तिसऱ्या दिशी लाली बाहीर गेली. मी शहाणा, रेघ पुसून वर गुडघ्यापाशी दुसरी मारली, तीबी वाकडी.

त्यानं बघितलं, उलटा हात ठेवला अन् मला उचलून सोता जीपमधी घातलं.

"जिल्हा नवा मिळाला गड्या, पाय नवा मिळत न्हाई."

त्या दिशी "समजलं का" इचारलं न्हाई.

पाय हाय अजून. चाल जरा वाकडी हाय, पण ती आधीपासूनच व्हती.