लॅबवाल्या बाईंनी गॅरेज निवडलं

गल्लीत त्यांना सगळे लॅबवाल्या बाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या तळमजल्यावर लोकांचं रक्त तपासलं होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. फ्रिजमधल्या दुधावर तारखेची चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी, आणि नवऱ्याच्या चष्म्याच्या डबीवर तर चिठ्ठी आणि वर सही. आपल्यावरही एक दिवस चिठ्ठी लागेल, असं तो म्हणायचा. त्याने जन्मभर नकाशे काढले, म्हणून तो नकाशेवाला.

नकाशेवाल्याचे डोळे अधू झाले आणि डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं. गाडी विकून टाकू, असं तो पडेल आवाजात म्हणाला. आयुष्यभर मांडीवर पर्स घेऊन शेजारच्या सीटवर बसलेल्या बाई म्हणाल्या, मी शिकते. वय वर्षं अठ्ठावन्न. लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं, पण मिळालं. गेले सहा महिने त्या गाडीने भाजी आणत होत्या, बहिणीकडे जात होत्या आणि अधूनमधून उगीचच एक फेरी मारून येत होत्या.

अशात लेकीचा फोन आला. लेक गुराढोरांची, कुत्र्यामांजरांची डॉक्टर. तिचा स्वतःचा दवाखाना रविवारी सुरू होणार होता, तीनशे चाळीस किलोमीटरवरच्या शहरात. ती म्हणाली, "आई, तूच गाडी घेऊन ये. बाबांना शेजारी बसव." एवढ्याशा वाक्याने बाईंना जे भरतं आलं, ते त्या दिवशी उतरलंच नाही. स्वतः गाडी चालवत लेकीच्या दारात उतरायचं, एवढं एकच त्यांच्या मनाने घेतलं.

नकाशेवाल्याने मात्र परस्पर बसची दोन तिकिटं काढून ठेवली. असू देत, म्हणाला. शिवाय गाडीचं ऑइल बदलायला झालं होतं, आणि जुन्या ऑइलवर एवढा पल्ला नको, हे बाईंनाही पटत होतं. मग त्याने पैज लावली. "गाडी चालवणं हे अर्धं काम. ती कुणाच्या हाती द्यायची हे कळणं, हे उरलेलं अर्धं. गॅरेज तू निवड. बरोबर निघालं तर वाटेत मी तोंड उघडणार नाही. चुकलं तर बस." शेजारच्या सीटवरून हा गृहस्थ किती बोलायचा हे ज्याने ऐकलंय, त्यालाच या बक्षिसाची किंमत कळेल.

बाई पदर खोचून कामाला लागल्या. जितकी तोंडं तितके सल्ले. धाकट्या दिरांनी कंपनीचं सर्व्हिस सेंटर सांगितलं. बाई जाऊन बघून आल्या. काचेची खोली, गार हवा, मऊ खुर्च्या, पण गाडी ज्या दाराआड जाते त्या दारावर पाटी, आत येऊ नये. ज्या लॅबचं दार बंद तिचा रिपोर्ट बाईंनी कधी मानला नव्हता. मग शेजारणीने पेट्रोल पंपावरची जागा सुचवली, पंधरा मिनिटांत ऑइल बदलून मिळतं म्हणून. तिथे बाईंनी उभं राहून घड्याळ लावलं. एका गाडीला अकरा मिनिटं लागली. जुनं ऑइल अजून थेंबथेंब ठिबकत असताना त्या पठ्ठ्याने खालचा बोल्ट आवळून टाकला. अति घाई संकटात नेई, असं मनाशी म्हणून बाई परतल्या.

नकाशेवाला मजेत होता. दोन जागा गेल्या, बसच्या खिडकीची सीट कुणाची, असं त्याने जेवताना विचारलं.

तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याचं पोट गाडीवर, त्याला विचारावं! दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्या टॅक्सी स्टँडवर गेल्या आणि सात ड्रायव्हरांना एकच प्रश्न विचारला: तुमची स्वतःची गाडी कुठे नेता? शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एक पत्र्याचं गॅरेज होतं, पाचांनी त्याचंच नाव घेतलं. आणि पाचही जण नाव घेताना करवादले. तो मिस्त्री फार हळू आहे हो, अख्खी सकाळ घालवतो, घाई केली तर पाना खाली ठेवून आपल्याकडे बघत बसतो. त्याचं टोपणनावच सावकाश मिस्त्री पडलेलं. बाई घरी जवळजवळ पळतच आल्या. "अहो, पाच जण शिव्या देतात आणि पाचही जण तिथेच जातात," त्या धापा टाकत म्हणाल्या. "याहून मोठा दाखला काय हवा?" नकाशेवाला वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. ते त्याला वाचता येत नव्हतं.

पण बाई त्या बाईच. लॅबमध्ये एक पद्धत होती. तपासणाऱ्याचा हात पारखायचा असेल, तर रोजच्या नमुन्यांत एक ओळखीचा नमुना गुपचूप मिसळायचा, आणि मग तिथे उभं राहायचं नाही. मिस्त्रीलाही तोच न्याय. लेकीची एक लाल नेलपॉलिश कपाटात राहिली होती. शुक्रवारी सकाळी बाईंनी बॉनेट उघडलं आणि ऑइल फिल्टरवर, सहज दिसणार नाही अशा बाजूला, एक ठिपका दिला. फिल्टर खरंच बदलला तर ठिपका जाईल. नवऱ्यालाही त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

सावकाश मिस्त्री साठीचा, सडपातळ, पुसलेल्या हातांचा माणूस होता. त्याने आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, मग बंद केलं, मग खाली भांडं सरकवलं आणि स्टुलावर बसून राहिला. शेवटचा थेंब पडेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणाला. बाईंना तो माणूस तिथल्या तिथे आवडला. पण नियम म्हणजे नियम. त्या नवऱ्याला घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. तास झाला, दीड झाला. मध्येच मिस्त्री उठून रस्त्यापलीकडे कुठेतरी गेला आणि वीस मिनिटं आलाच नाही. बाकावर दोन टॅक्सीवाले होते, ते एकमेकांकडे बघून हसले.

शेवटी हाक आली. बाईंनी बॉनेटखाली टॉर्च मारला. लाल ठिपका जागच्या जागी होता.

पाच जणांची साक्ष, वहीतली नोंद, सगळं पाण्यात. त्यांना लेकीचं दार दिसलं, आणि त्या दारात बसस्टँडवरून पिशव्या सांभाळत आलेले आपण दोघं दिसलो. संताप झाला, त्याहून जास्त रडू आलं. "मिस्त्री, फिल्टर जुनाच आहे," त्या टॅक्सीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मला फसवू नका. मी खूण करून ठेवली होती."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. सावकाश गाडीच्या मागे गेला, डिकी उघडली आणि कागदात गुंडाळलेलं एक पुडकं आणून बाईंच्या हातात ठेवलं. आत जुना फिल्टर होता, काळा, तेलकट. त्याच्यावर लाल ठिपका.

"जुना फिल्टर मी गिऱ्हाइकाला परत देतो," तो म्हणाला. "काढताना त्याच्यावर खूण दिसली. म्हटलं, ज्याने केली त्याने काही कारणाने केली असेल, आपल्याला कळत नाही म्हणून पुसून कशी टाकायची? म्हणून नव्यावरही केली. समोरच्या शिवणवाल्या ताईंकडे नेलपॉलिश मागायला गेलो, त्यांना लवकर सापडेना. तुमच्याइतका रंग जमला नाही."

बाईंनी पुन्हा टॉर्च मारला. फिल्टर कोरा करकरीत होता आणि ठिपका गुलाबीकडे झुकणारा. एकतीस वर्षं लाल रंगाच्या छटा ओळखून पगार घेतलेल्या बाईंना तो फरक दिसला नव्हता, कारण त्यांना दिसायचं ते आधीच ठरलं होतं. त्या इतक्या ओशाळल्या की कान गरम झाले. त्याच टॅक्सीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी माफी मागितली आणि खरं काय ते सांगून टाकलं: मी तुमची परीक्षा घेत होते.

मिस्त्रीने विचार केला. त्यालाही त्याने वेळ घेतला. "पुढच्या वेळेला आधी सांगा," तो म्हणाला. "नेलपॉलिश आणून ठेवीन."

बाई हसत सुटल्या आणि डोळे पुसत गाडीत बसल्या. किल्ली फिरवली. इंजिन असं काही गोड बोललं की त्यांना वाटलं, आत्ताच्या आत्ता निघावं. मग आठवलं. आता ती तिकिटं परत करायला हवीत, त्या नवऱ्याला म्हणाल्या, रांगेत दुपार जाईल.

नकाशेवाला खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ती बुधवारीच परत केली. तू वही घेऊन धापा टाकत आलीस ना, त्याच संध्याकाळी."

 बाईंनी गिअर टाकला.

शनिवारी सकाळी सात वाजता ते निघाले. तीनशे चाळीस किलोमीटर. बाईंनी ट्रक मागे टाकले, दोनदा वळण चुकवलं, एकदा भलत्याच गावात शिरून बाहेर आल्या. नकाशेवाल्याला सगळे रस्ते तोंडपाठ होते, पण त्याने शब्द पाळला. फक्त एकदा, मोठ्या पुलावर, त्याने डोळे मिटून सीटला डोकं टेकवलं आणि चक्क झोपला. आजवर शेजारच्या सीटवर तो कधीच झोपला नव्हता. बाईंना ते बोलण्याहून मोठं वाटलं.

दवाखान्याच्या दारात लेक पाटी पुसत उभी होती. तिने गाडी पाहिली, स्टिअरिंगमागे कोण आहे ते पाहिलं आणि फडकं टाकून धावत आली. ती आईच्या गळ्यात पडली. बाबा दाराला धरून हळूच उतरले. साडेसात तासांनंतर त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ऑइल कुठून बदललं," ते लेकीला म्हणाले, "ते विचार तुझ्या आईला."